वसुली नाही म्हणून पगार नाही?

"ताई, मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडतो. चौदा वर्षं झाली. गाव पांढरकवड्याकडचं, वस्ती चोवीसशेच्या आतबाहेर. बँकेत महिन्याचे पाच हजार आठशे पडतात, तेही तीन-चार महिन्यांचे एकदम. बाकीचं विचारलं तर म्हणतात, आधी वसुली आण, मग पगार माग. सरपंच माझी वहिनीच आहे, चुलतभावाची बायको. कारभार भाऊच पाहते. मी वसुलीले कोणाच्या दारात जाऊ? लोकायचा कापूस घरातच पडून आहे. माझीच घरपट्टी दोन सालची थकली. बायको शाळेत खिचडी शिजवते, तिले अडीच हजार, उन्हाळ्यात तेही नाही. मुलगी अकरावीले तालुक्याले जाते, मुलगा सातवीत, आईले शुगर-बीपी. साळा चाकणले कंपनीत आहे, तो म्हणते इकडे ये. घरच्या माणसावर तक्रार करणं शोभते का? आन् केली तर काही होते, का नोकरीच जाते?"
— एक पाणीवाला, यवतमाळ जिल्हा

भाऊ,

तक्रार करा. फक्त आज नको, आणि भावावर नको. आज कागद गोळा करायला लागा, आणि जे मागायचं ते ग्रामपंचायतीकडे मागा. ग्रामपंचायत तुमच्या वहिनीची नाही, भावाची तर कागदोपत्री अजिबातच नाही. चाकणची पिशवी तूर्त खुंटीलाच राहू द्या, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी ते वसुलीचं. हे वाक्य इतक्या ठिकाणी, इतकी वर्षं बोललं जातंय की कर्मचाऱ्यांनाही ते खरं वाटायला लागलंय. तुम्हालाही वाटतंय, नाहीतर 'कोणाच्या दारात जाऊ' असं अपराध्यासारखं तुम्ही लिहिलं नसतं. पण ते खरं नाही.

किमान वेतनाचं विधेयक 1946 साली डॉ. आंबेडकरांनी मांडलं. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कायदा झाला 1948 साली. त्याच्या मूळ अनुसूचीत तेलगिरणी, भातगिरणी, विडी यांच्या ओळीतच स्थानिक प्राधिकरणाखालची नोकरीही लिहिलेली होती. सार्वजनिक संस्था हीसुद्धा मालक असते आणि तीही कमी पैशांत राबवून घेऊ शकते, हे पहिल्या दिवसापासून मान्य होतं. पुढे केरळातले कौलांचे कारखानदार न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं एकच होतं: एवढं वेतन आम्हाला परवडत नाही. 1961 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सांगितलं की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. ऐपतीचा विचार येतो तो त्याच्या वरच्या पायरीवर, योग्य वेतनाच्या वेळी. सगळ्यात खालची पायरी मालकानं भरलीच पाहिजे. जे कौलांच्या भट्टीवाल्याला लागू, ते ग्रामपंचायतीला लागू नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते लिहून द्यावं. लिहून कुणी देणार नाही.

मग ही वसुलीची भानगड आली कुठून? महाराष्ट्रात ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी किमान वेतनाची वेगळी अधिसूचना असते. ऑगस्ट 2020 च्या अधिसूचनेत गावाच्या लोकसंख्येप्रमाणे परिमंडळं आहेत आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत. सगळ्यात लहान गावातल्या अकुशल कामगाराचा मूळ दरही अकरा हजारांच्या पुढे आहे. त्याच्यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा राहणीमान भत्ता. या मूळ वेतनासाठी शासन ग्रामपंचायतीला अनुदान देतं. पाच हजारांपर्यंत वस्ती असेल तर पूर्ण, दहा हजारांपर्यंत पाऊण आणि त्यापुढे निम्मं. तुमचं गाव पहिल्या गटातलं. म्हणजे तुमचं मूळ वेतन पूर्ण शासनाकडून यायला हवं आणि राहणीमान भत्ता ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतून द्यायला हवा. 2020 च्या शासन निर्णयानं या अनुदानाला करवसुलीच्या टक्केवारीची अट लावली. वसुली कमी पडली की अनुदानही कमी. तुमच्या पासबुकातला आकडा मूळ वेतनाच्या बरोबर निम्म्याजवळ कसा काय येतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पण ही अट शासन आणि ग्रामपंचायत यांच्यातली आहे. ग्रामपंचायत आणि तुमच्यात ती नाही. शासनानं ग्रामपंचायतीचा हात आखडता केला, तर खड्डा ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पडायला हवा. तो तुमच्या ताटात पाडला गेला. वरून ती अटही अजब आहे. कर लावणार ग्रामपंचायतीचे सदस्य, नोटीस काढणार ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं?), जप्तीचा अधिकार ग्रामपंचायतीचा, आणि वसुली झाली नाही की पगार कापला जाणार वाल्व फिरवणाऱ्याचा. ही अट रद्द करा असं कर्मचारी संघटना सतत मागत आल्या आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

वसुली का होत नाही, यावर तुम्ही लिहिलंय की लोकांचा कापूस घरात आहे. ते खरंच आहे. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला, पण ऐन हंगामाच्या तोंडावर ऑगस्टमध्ये कापसावरचं आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढलं गेलं. खुल्या बाजारात व्यापारी हमीभावाच्या खाली बोलणार, सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी आणि ओलाव्याचं कारण. माणूस कापूस धरून बसतो आणि त्याची घरपट्टी मार्चपर्यंत लांबते. हे एक.

दुसरं मात्र तुम्ही लिहिलं नाही, आणि मला वाटतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. थकबाकीची यादी एकदा वरपासून वाचा. गरीब माणूस घरकुलाच्या कागदासाठी, पोरीच्या दाखल्यासाठी, नमुना आठच्या उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीत येतो आणि तिथंच त्याचा कर वसूल होतो. ज्याला दाखल्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही, ज्याचं काम फोनवर होतं, त्याची रक्कम वर्षानुवर्षं 'मागील बाकी'च्या रकान्यात पुढं सरकते. मोठे वाडे, रस्त्यावरची दुकानं, कधी एखादं जिनिंग, कधी मोबाइल टॉवर. ग्रामपंचायत अधिनियमात कर थकवणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवायची तरतूद आहे. ती निवडणुकीच्या आधी विरोधकांना आठवते, एरवी कुणाला आठवत नाही. तुम्हाला दारोदार पाठवण्याआधी ग्रामपंचायतीनं मोठ्या दहा थकबाकीदारांना नोटीस काढली का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. तुम्ही स्वतः विचारू नका. गावात दोन तरी माणसं असतील ज्यांना तुमच्या पाण्याची किंमत कळते, त्यांना विचारू द्या.

आणि 'पैसा नाही' हेही जरा तपासून घ्या. वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातून पेव्हर ब्लॉक बसतात, कमान उभी राहते, आणि गावाला वाटतं ग्रामपंचायतीकडे पैसा आहे आणि पाणीवाल्याला मुद्दाम देत नाहीत. खरी गोष्ट अशी की तो निधी पगारावर खर्च करता येत नाही. त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठीच बांधलेला असतो: पाइप घ्या, टाकी बांधा, मोटर बदला. त्या पाइपातून पाणी सोडणाऱ्या माणसासाठी त्यात दमडी नाही. जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ झाले, तुमचे वाल्व वाढले असतील, फेऱ्या वाढल्या असतील, गळतीच्या तक्रारी वाढल्या असतील. पगाराचा रकाना मात्र कुणी उघडून पाहिला नाही. म्हणून राहणीमान भत्ता मागताना सरपंचांनी वित्त आयोगाचं नाव सांगितलं तर वाद घालू नका, त्यात ते खरं बोलताहेत. तुमचा भत्ता ग्रामनिधीतून यायचा आहे. अंदाजपत्रकात कर्मचारी वेतनासाठी किती तरतूद धरली होती आणि ती कुठं खर्च झाली, एवढंच विचारायचं.

आता पहिलं काम. तुमचं पद मंजूर आकृतिबंधात आहे का? लोकसंख्येप्रमाणे जेवढी पदं ठरलेली असतात, तेवढ्यांनाच शासनाचं अनुदान मिळतं. तुमच्या खात्यात थेट रक्कम पडते, त्यावरून तुम्ही त्यात असावेत. पण चौदा वर्षांपूर्वीचा नेमणुकीचा ठराव, आदेश आणि त्यावर काय पद लिहिलंय ते हाती घ्या. 'शिपाई' लिहिलंय की 'पाणीपुरवठा कर्मचारी', पूर्णवेळ की अर्धवेळ, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर दर. अर्धवेळ लिहून पूर्णवेळ राबवून घेणं ही जुनी खोड आहे. म्हणून आजपासून एक वही घाला. पहाटे मोटर किती वाजता सुरू केली, कोणत्या वॉर्डाला किती वेळ पाणी, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) कधी टाकलं, पाण्याचे नमुने, दवंडी, टपाल घेऊन पंचायत समितीत केलेली फेरी, गणपतीत आणि निवडणुकीत केलेली कामं. रोज दोन ओळी. वकिलाच्या पन्नास पानांपेक्षा ही वही कामाला येते.

पुढचं, हजेरीपत्रक आणि पगारपत्रक. पगारपत्रकावर पूर्ण रकमेवर सही घेतात आणि हातात कमी देतात, असं तुमच्याकडे होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर पुढच्या वेळी सहीखाली मिळालेली रक्कम लिहा. आजवर केल्या त्या सह्यांनी हक्क बुडत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला कामगार तयार होता, असा करार कायद्यापुढे टिकत नाही. ग्रामसेवक नकला देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर बांधील आहे. भविष्य निर्वाह निधीची कपात होते का आणि ती खात्यात जमा होते का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.

मग दावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1948 चा कायदा तिच्यात विरला. कामगार संघटनांचा या संहितांवर रास्त राग आहे, पण तुमच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी त्यात आहेत. जुन्या कायद्यात कमी वेतनाचा दावा सहा महिन्यांत करावा लागायचा, आता तीन वर्षं मुदत आहे. पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे, तुमच्यावर नाही. दावा तुमच्या वतीनं नोंदणीकृत संघटनाही करू शकते. नोव्हेंबरच्या आधीच्या थकबाकीवर समोरचे वाद घालतील, म्हणून दिवस घालवू नका. जिल्ह्याला सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय आहे, तिथं जा. पण एकटे जाऊ नका. आयटक आणि सिटू या कामगार महासंघांशी जोडलेल्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या संघटना विदर्भात आहेत. तुमच्या पंचायत समितीच्या आवारात कोणत्याही मीटिंगच्या दिवशी उभे राहिलात तर वीस गावांचे पाणीवाले भेटतील, आणि त्यातल्या एखाद्याच्या खिशात पावतीपुस्तक निघेलच. एका गावचा अर्ज आला की ते भांडण ठरतं. पंधरा गावांचे आले की गटविकास अधिकाऱ्याला फाइल उघडावी लागते.

नोकरी जाते का, असं तुम्ही विचारलं. 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडी म्हणतील, त्याची तयारी ठेवा. तोंडी सांगितल्यानं कुणी जात नसतं. दुसऱ्या दिवशी वेळेवर जा, मोटर सुरू करा, हजेरी मागा. लेखी आदेश दिला तर तो घेऊन त्याच दिवशी संघटनेकडे जा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते: रागाच्या भरात पाणी बंद करू नका. संपाची नोटीस संघटना देते, ती वेगळी गोष्ट. एका माणसानं एका सकाळी वाल्व बंद केला की गाव त्याच्या पगाराचं विसरतं आणि पाण्याचंच लक्षात ठेवतं.

आता भाऊ. शोभते का, असं विचारलंत. मी उलटं विचारते, चुलतभावानं तुमचा पगार निम्म्यावर ठेवून घरी पंगतीला बोलावलं, तेव्हा त्याला शोभलं का? कडू वाटेल, पण आपल्याकडे भाऊबंदकीचा उपयोग नेहमी खालच्याच माणसाला गप्प करायला होतो. तरीही नातं तुटू न देता हे करता येतं, आणि करावं. अर्जाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी जा. वहिनींना समोर बसवूनच बोला, कारण सही त्यांची चालते. सांगा, उद्या मी अर्ज देतोय, तो तुमच्यावर नाही, हाच कागद पुढे करून तुम्हाला वरून पूर्ण अनुदान मागता येईल. हे नुसतं समजुतीचं बोलणं नाही. लहान गावच्या सरपंचाची खरोखरच कोंडी होते, आणि कर्मचाऱ्याची लेखी मागणी हातात असेल तर तिला पंचायत समितीत तोंड उघडता येतं. तिनं उघडलं तर छान. नाही उघडलं तर अर्ज तयारच आहे.

हे झालं किमान वेतनाचं. पण तुमच्या पत्रात मला जास्त टोचला तो घराचा हिशोब. तुमचे 5,800. घरच्या वहिनींचे, म्हणजे तुमच्या बायकोचे, अडीच हजार, पण वर्षातून दहाच महिने, म्हणजे बारा महिन्यांवर पसरले तर 2,083. दोघांचे मिळून 7,900 सुद्धा होत नाहीत. दोघंही सरकारचंच काम करता. त्याच सरकारच्या जिल्हा परिषदेतल्या शिपायाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन 15,000, वर महागाई भत्ता. रोजंदारीनं बघा. तुमचे 5,800 सव्वीस दिवसांनी भागले तर 223 रुपये होतात. रोजगार हमीवर माती टाकणाऱ्याला महाराष्ट्रात 2025-26 चा दर 312 होता. आणि गुढीपाडव्याला सालदार (वर्षभराचा शेतगडी) ठरवायला बसलेल्या शेतकऱ्याला विचारा, लाखाच्या खाली कुणी ऐकून तरी घेतं का. तुमचं साल पडतं सत्तर हजारांच्याही आत.

कुटुंबाला किती लागतं याचा हिशोब देशानं केलेला नाही असं नाही. संविधानाच्या अनुच्छेद 43 मध्ये निर्वाह वेतनाचा शब्द दिलेला आहे, फक्त त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं तो शब्द बाजाराच्या पिशवीत उतरवला. पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉयड यांच्या मापानं माणशी 2,700 कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, जळण, दिवाबत्ती. पुढे 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आणखी 25 टक्के धरायला सांगितलं: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्न. या हिशोबात एक गंमत आहे, किंवा गंमत नाहीच. कमावता पुरुष पूर्ण एक माप, बायको 0.8, दोन मुलं 0.6-0.6, एकूण तीन मापं. परातभर कणीक मळणारी, तीसएक किलो कापूस वेचून तो डोक्यावर घरी आणणारी बाई 0.8, आणि तुमची आई शून्य. म्हाताऱ्यांना त्यात जागाच नव्हती. 2019 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं मापं 3.6 केली आणि देशासाठी किमान 375 रुपये रोज सुचवले, महिन्याला 9,750. ती शिफारस कागदावरच राहिली. तुम्ही दोघं मिळून आजही त्या 2019 च्या आकड्याला पोचत नाही, जो एका कमावत्या माणसाच्या पगाराचा होता.

एका रात्री हा हिशोब स्वतः मांडा. रेशनचं धान्य फुकट आहे ते वजा धरा. उरतं ते तेल, तूरडाळ, भाजी, सिलिंडर, आईच्या गोळ्या, मुलीचा एसटीचा पास, वह्या, फोनचं रिचार्ज. जो आकडा येईल तो पुढच्या वेतन सुधारणेच्या वेळी संघटनेला द्या. हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा खेड्यातल्या घराचा खरा खर्च लिहून देणारी माणसं फार थोडी असतात.

घरच्या वहिनींचं प्रकरण वेगळं आहे आणि तुमच्यापेक्षा अवघड. त्यांना ग्रामपंचायतीची अधिसूचना लागू नाही. केंद्रानं स्वयंपाकी-मदतनीसांसाठी 2009 साली महिन्याला हजार रुपये ठरवले आणि तो आकडा तिथंच ठेवला. महाराष्ट्रानं आपल्या खिशातून भर घालून अडीच हजार केले. चोवीस दिवस धरले तर रोजचे शंभरच्या आसपास, पन्नास-साठ पोरांची खिचडी, वाढणं, भांडी घासणं सगळं धरून. लाडकी बहीण योजनेत सरकार दीड हजार देतं, त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. ती योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. चार-पाच तासांच्या कामाची किंमत तिच्यापेक्षा फक्त हजारानं जास्त, हे वाईट आहे. 2020 साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं अशाच एका स्वयंपाकीच्या याचिकेवर, हजार रुपयांत राबवून घेणं ही वेठबिगारी आहे असं म्हटलं. त्याला आधार 1982 च्या एशियाडच्या कामगारांच्या निकालाचा होता: किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम हे अनुच्छेद 23 मधलं सक्तीचं काम आहे. केरळात हेच काम करणाऱ्यांना रोजाचे सहाशेच्या वर मिळतात. म्हणजे जमत नाही असं नाही.

पण निकालावर उद्या सकाळची भाजी येत नाही. घरच्या वहिनींनी दोन गोष्टी कराव्यात. शाळेची झाडलोट, संडास धुणं, मास्तरांचा चहा, हे त्यांच्या कामात नाही. पटाला धरून मदतनीस किती हवेत हे ठरलेलं आहे, पंचवीसच्या पुढे शंभरपर्यंत दोन. एकट्याच शिजवत असतील तर दुसरी मागावी. आणि वेचणीच्या दिवसांत जास्त रोज मिळतो म्हणून कुणा जावेला बदली पाठवायचं असेल, तर ते शाळा व्यवस्थापन समितीला सांगून पाठवावं, नाहीतर त्याच कारणानं नाव कापलं जातं. त्यांची संघटना वेगळी, त्यांची मागणी वेगळी. तुमच्या अर्जात त्यांचं घुसवू नका.

चाकणबद्दल थोडक्यात. साळ्याला पगार किती असं विचारू नका, महिन्याअखेरीस घरी किती पाठवतो ते विचारा. कंत्राटदाराकडे आहे की कंपनीच्या रोलवर, खोलीचं भाडं, मेस, वर्षातून किती महिने काम, तेही विचारा. तुम्ही गेलात तर आईचा दवाखाना आणि मुलं, सगळं घरच्या वहिनींवर पडेल, खिचडी तर आहेच. शिवाय जिल्हा परिषदेच्या गट क आणि ड मधली दहा टक्के पदं ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांमधून भरायची असतात. चौदा वर्षांच्या सेवेनं ज्येष्ठता यादीत तुमचं नाव कुठं आहे, वय आणि शिक्षणाच्या अटीत तुम्ही बसता का, हे पंचायत समितीत पाहिल्याशिवाय राजीनामा लिहू नका. नाव वर असेल तर थांबा. यादीत नाव नसेल, थकबाकीचा दावा दाखल झालेला असेल आणि तरीही घर चालत नसेल, तर जा. त्यात मला काही गैर वाटत नाही. गावानं पाणीवाला टिकवायचा की नाही हे गावानं ठरवायचं आहे.

घरपट्टीची लाज बाळगू नका. अर्जातच लिहा की थकीत वेतनातून ती वळती करून पावती द्यावी. एवढ्या एका ओळीनं त्यांची वसुलीही वाढते आणि तुमचं थकीत वेतन त्यांनी मान्य केल्याचा कागदही तुमच्या हातात येतो. अर्ज साधा असू द्या, असा:

"मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ______. मी दिनांक ______ पासून ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचारी म्हणून पूर्णवेळ काम करीत आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार देय किमान वेतन व राहणीमान भत्ता मला पूर्ण मिळालेला नाही. गेल्या तीन वर्षांतील देय व अदा रकमेचा महिनावार तपशील मला द्यावा व फरकाची रक्कम तीस दिवसांच्या आत अदा करावी. माझ्याकडील घरपट्टी व पाणीपट्टीची थकबाकी सदर रकमेतून वळती करून पावती द्यावी. प्रत: गटविकास अधिकारी, पंचायत समिती, सरकारी कामगार अधिकारी, यवतमाळ."

तीन प्रती नाही, चार काढा. चौथीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती घरी ठेवा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट आता त्यातच मिसळलंय, पण पोचपावती मागून घेता येते. पावती पासबुकातच ठेवा.